जिन्यात वाचलेली पत्रं

१४ सप्टेंबर

बयो,

आशीर्वाद घे आणि अंगावर नीट पांघरूण घे. दोन्ही फुकट आहेत.

हे पत्र मी सांगते आहे आणि तळमजल्यावरची शिवणवाली लिहिते आहे. तिच्या तोंडात टाचण्या आहेत, त्यामुळे तिला मध्ये बोलता येत नाही. असली लेखनिका मिळायला नशीब लागतं. माझी आणि अक्षरांची तोंडओळखसुद्धा नाही, हे तुला ठाऊक आहे. ती समोरून आली की मी बाजूला होते, तीही होतात. सत्तर वर्षांत एकदाही धक्का लागला नाही.

तू म्हणतेस, आजी, फोन करत जा. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते. पत्र बरं. तुझं पत्र आलं की शिवणवाली वर येते, आम्ही उजेडाला जिन्यात बसतो आणि ती माझ्या कानाशी ओरडून वाचते. खालच्या पायरीवर तिची पोर, सुतळी, येऊन बसते. आठवते ना? शाळेच्या शेवटच्या वर्षाला गेली, पण अंगाने अजून तशीच, वाऱ्यात बांधून ठेवावी लागेल अशी. वरच्या मजल्यावरचा घड्याळजी दार किलकिलं करून उभा राहतो आणि कडीला तेल घालायचं नाटक करतो. तेव्हा काय लिहायचं ते जपून लिही. तुझं पत्र मला येत नाही, इमारतीला येतं.

तुला विद्यापीठात काम लागलं म्हणे, अनोळखी लोकांना फोन करायचं. तुझ्या आईबापांमागे मी तुला वाढवली. पाहुणा आला की तू पलंगाखाली जायचीस आणि तो गेला की बाहेर यायचीस. तू फोन करतेस? कुणाला? कशाला?

आणि खोलीत दुसरी मुलगी आहे ना, ती कशी आहे ते कळव.

तुझी,
आजी
(लिहिणार : शिवणमावशी. टाचण्या काढल्या आहेत, पण आजी बोलूच देत नाहीत.)


२ ऑक्टोबर

प्रिय आजी, आणि जिन्यातल्या सगळ्यांना नमस्कार. घड्याळकाकांनाही.

काम असं आहे. प्रवेश कार्यालयाच्या तळघरात एक लांब टेबल आहे. संध्याकाळी आम्ही काही विद्यार्थी तिथे बसतो आणि शाळा संपवणाऱ्या मुलांना फोन करतो. ज्यांच्या घरातलं कुणी कधी विद्यापीठात गेलेलं नाही, जी लांबच्या वस्त्यांत राहतात, ज्यांच्या घरी वेगळी भाषा बोलतात, अशी मुलं अर्जच करत नाहीत. त्यांना वाटतं, हे आपलं नाही. म्हणून आमच्यासारख्यांनी, म्हणजे तशाच घरांतून आलेल्यांनी, त्यांना सांगायचं की तुमचंही आहे. काय बोलायचं ते छापून दिलेलं असतं, त्यामुळे मला पलंगाखाली जावं लागत नाही.

शिवाय माझा फोटो भिंतीवर लागला आहे. मोठं पोस्टर. त्यात मी पुस्तक छातीशी धरून हसते आहे. पुस्तक फोटोवाल्याचं होतं.

खोलीतल्या मुलीला सगळे भोंगा म्हणतात, कारण ती हसली की शेजारचे भिंतीवर थाप मारतात. तिला सकाळी उठायचं असलं की ती गजर लावते, तो वाजतो, मी उठते, आणि ती झोपते. माझे मोजे घालून जाते आणि संध्याकाळी मलाच विचारते, ‘तुझे मोजे कुठे गेले गं?’ परवा तिने खोलीत अंडी उकडायला ठेवली आणि विसरली. पाणी आटलं, अंडं फुटलं, आणि आमच्या मजल्यावर आग लागल्याची घंटा झाली. सगळा मजला खाली अंगणात, आणि भोंगा माझ्या मोज्यांत.

तब्येत सांभाळ.

तुझी,
नात


२५ ऑक्टोबर

बयो,

अंड्याचा मजकूर दोनदा वाचून घेतला. सुतळी एवढी हसली की जिन्यावरून घसरली आणि घड्याळजीने तेलाची बाटली सांडली. आता रोज मला विचारतात, ‘आजी, भोंगाचं पत्र आलं का?’ तुझं आलं का असं कुणी विचारत नाही. सुतळी तर म्हणते, मी तिथे गेले तर भोंगा मला खोलीत घेईल का?

तुझ्या कामाचं ऐकून मजा वाटली. पूर्वी आमच्यासारख्यांना दारावरून घालवायला माणूस ठेवायचे. आता बोलवायला पोरं ठेवली. चांगलं आहे. बोलावल्यावर बसायला खुर्ची देतात ना, तेवढं बघ.

एक विचारायचं आहे. तुझी भोंगा हसते, खाते, झोपते, मोजे चोरते. पण ती तुझ्यावर कधी चिडत कशी नाही? मी हॉटेलच्या धुलाईखान्यात एका बाईबरोबर जन्मभर चादरी झटकल्या. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. जिवाभावाची माझी. तरी अधूनमधून आमचं बोलणं बंद असायचं, नुसत्या चादरी चालायच्या. तुम्ही दोघी कशावरून भांडता ते कळव. मला भांडण ऐकल्याशिवाय माणसाची ओळख झाल्यासारखं वाटत नाही.

आजी


१८ नोव्हेंबर

प्रिय आजी,

आम्ही भांडतो की. कालच भांडलो. मला खिडकी उघडी हवी होती, भोंगाला बंद. शेवटी अर्धी उघडी ठेवली.

या आठवड्यात आम्ही पाच-सहा जण गोदीजवळच्या एका शाळेत गेलो होतो. मुलांसमोर उभं राहून आपापली गोष्ट सांगायची. मी तुझी सांगितली : आमच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं, आणि आता मी इथे आहे. भोंगाचीही सांगितली. मुलं हसली. शेवटी आमचं ठरलेलं वाक्य असतं, ‘आमच्याकडे कुणी एकटं पडत नाही.’ मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘खरंच?’ मी म्हटलं, हो. मग टाळ्या वाजल्या.

सध्या अभ्यास खूप आहे. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

तुझी,
नात


२० जानेवारी

बयो,

अर्धी खिडकी! हे भांडण म्हणायचं की दोन देशांचा तह? एवढं शहाणं भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही. असो. पुढचं विचारत नाही. सगळंच काही जिन्यात विचारायचं नसतं.

आता इकडची बातमी. सुतळीने तुमच्याकडे अर्ज केला. आईला न विचारता. केल्यावर सांगितलं. शिवणवालीने दोन दिवस मशीन असं चालवलं की मला वाटलं इमारत शिवून काढते आहे. सुतळीला इथल्या परिचारिका विद्यालयात जागा मिळालेली आहे, घरापासून चालत जाण्यासारखी. शिकून झालं की नोकरीही ठरलेली. ती जागा घेणार की सोडणार हे मार्चअखेर सांगायचं आहे. एकदा सोडली की गेली.

तुमच्या कार्यालयातून एका पोराचा फोन आला होता. शिवणवालीने विचारलं, माझ्या मुलीला तिथे सोबत कोण? तो म्हणाला, आमच्याकडे कुणी एकटं पडत नाही, आम्ही एका कुटुंबासारखे आहोत. ती मला म्हणाली, ‘आजी, माझं विचारून व्हायच्या आत त्याचं उत्तर आलं. रेडीमेड होतं.’

पण तिचं मन वळतंय. का ते ऐक. म्हणते, ‘तुमची नात आहे, भोंगा आहे. दोघी सांभाळून घेतील. अशी हसणारी माणसं आहेत तिथे पोरीला काय भीती?’

मग मला विचारलं, ‘ती गेल्यावर तुम्हाला कसं गेलं, आजी?’ मी म्हटलं, छान गेलं, दोघींचा चहा एकटीला मिळतो.

तर असं आहे. तिकडून तू काय ते कळव.

आजी
(हे माझं : मुली, मला एकटीच आहे ही. नीट विचार करून लिही. — शिवणमावशी)


१ मार्च

प्रिय आजी,

आणि मावशी, हे पत्र नेहमीसारखंच जिन्यात वाचा, मोठ्याने. सुतळीला बसवून वाचा.

भोंगा नाही.

खोलीत एक मुलगी होती. पहिल्याच महिन्यात ती वरच्या मजल्यावर तिच्या ओळखीच्या मुलींकडे राहायला गेली. भांडून नाही. जाताना अगदी गोड बोलली, आरसा तिचा होता तो घेऊन गेली. ती मोठ्याने हसते, तेवढं खरं आहे. रात्री छतातून ऐकू येतं. अंडं फुटून घंटा झाली तीही तिच्याच खोलीत. मी अंगणात एकटी उभी होते आणि त्या सगळ्या एकमेकींना धरून हसत होत्या.

कामाच्या पहिल्या दिवशी आम्हाला गोल बसवून विचारलं, इथली तुमची पहिली मैत्रीण कोण, ते सांगा. प्रत्येकाला कुणीतरी होतं. माझी पाळी आली तेव्हा मी छतातलं हसणं सांगितलं. सगळ्यांना आवडलं. मग ते तुला लिहिलं, जिन्यात आवडलं. मग थांबता आलं नाही. मावशी मोठ्याने वाचणार हे माहीत असताना, आजी, मी तुला काय लिहिणार होते?

भिंतीवरच्या पोस्टरमुळे सगळे मला ओळखतात. ‘अरे, तू तीच ना!’ म्हणतात आणि पुढे जातात. जेवणाच्या हॉलमध्ये मी पुस्तक घेऊन बसते, म्हणजे कुणाची वाट बघतेय असं दिसत नाही. माझी सगळ्यांत लांब बोलणी होतात ती फोनवर, ज्यांना मी कधी बघणार नाही अशांशी.

तुमचं पत्र आल्यावर मी फोनवर ते एकटं न पडण्याचं वाक्य म्हणणं सोडलं. एका आईने विचारलं, तिला तिथे एकटीला जेवावं लागेल का? मी म्हटलं, मी अजून एकटीच जेवते. आमच्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मला पाकिटं भरायचं काम दिलं.

सुतळी, शिकणं चांगलं आहे. ते मी कधी खोटं लिहिलं नाही. कधीकधी वर्गात एखादी गोष्ट अशी उलगडते की वाटतं, धावत जाऊन कुणाला तरी सांगावं. मग लक्षात येतं की कुणाला, ते ठरलेलं नाही. तुझी तिथली जागा सोडायची की नाही हे या दोन्ही गोष्टी धरून ठरव. भोंगाला धरून ठरवू नकोस.

मावशी, मला माफ करा.

नात


१७ मार्च

बयो,

उत्तराला उशीर झाला, कारण लिहिणारी माझ्याशी बोलत नव्हती.

पत्र आलं तसं आम्ही बसलो. ‘भोंगा नाही’ हे तिने नेहमीच्या आवाजात ओरडून वाचलं, आणि मग तिचा आवाज खाली खाली येत गेला. घड्याळजीने आपलं दार आपणहून लावून घेतलं. पत्र संपलं तेव्हा ती पुटपुटत होती. घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, ‘तुमच्या नातीच्या भरवशावर मी माझी पोर लावून द्यायला निघाले होते.’ उठून गेली. नंतर आठवडाभर खालून फक्त मशीन. भाजी आणायला जाताना मी हाक मारली तर वर बघितलं नाही.

काल आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘नातीने खरं सांगितलं. आता तुम्ही सांगा. ती गेल्यावर कसं गेलं? चहाचं सांगू नका.’

मग सांगितलं. ती म्हणाली, ‘हे तिलाही कळू दे,’ आणि कागद घेऊन बसली. म्हणून हे तुला.

तू गेल्यावर मला भांडायला कुणी उरलं नाही. नळाशी भांडून बघितलं, तो ऐकून घेतो, मजा येत नाही. दिवसा मी दाराला कडी लावत नाही. चुकून का होईना कुणी आत येईल म्हणून. एकदा गॅसवाला चुकून आला, त्याला तासभर बसवला. त्याने नंतर घर चुकणंच सोडलं.

आणि बयो, मला ऐकू येतं. कुजबुज नाही येत, पण शिवणवाली शेवटी पुटपुटत होती त्यातला शब्दन् शब्द आला. फोनही ऐकू येतो. पण फोन एकटीने ऐकता येतो गं. तो ठेवला की झालं. पत्राला लिहिणारी लागते, वाचणारी लागते. ओरडून वाचायचं असलं की जिना लागतो, आणि जिन्यात चार माणसं येतात. तू तिकडे मैत्रीण बनवलीस, मी इकडे बहिरी बनले. तुला बोलायला मला तोंड नाही.

(हे माझं : इतके महिने माझा घसा बसत होता! आता म्हातारीला चांगलंच ऐकवते. — शि. मा.)

तिला हे सगळं सांगत होते तेव्हा सुतळी कधी येऊन पायरीवर बसली कळलंच नाही. तिने एवढंच विचारलं, ‘म्हणजे ती दुसरी खाट रिकामीच आहे ना?’

तिची आई तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘आजी, त्या फोनवाल्या पोराने दिलं ते रेडीमेड होतं. हे मापाचं आहे. टोचतं, पण मापाचं आहे. हे घालून पाठवता येईल.’

परिचारिका विद्यालयाला सकाळी कळवलं. जागा सोडली.

आजी


१९ सप्टेंबर

प्रिय आजी, मावशी,

पोहोचल्याचं सुतळीने फोनवर सांगितलंच असेल. उरलेलं मी सांगते, जसं आहे तसं.

खोल्या कार्यालय ठरवतं. मी अर्ज दिला होता, पण नव्या मुलींना नव्या इमारतीतच ठेवतात. सुतळीला पलीकडच्या बाजूची खोली मिळाली. माझ्याकडची खाट रिकामीच आहे.

पहिले काही दिवस ती रोज संध्याकाळी यायची. रडायची. मी तिला गप्प केलं नाही, शेजारी बसून राहिले. मला तेवढंच येत होतं. मग एक दिवस आली नाही. मी जिन्यापर्यंत जाऊन बघून आले. दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्या मजल्यावरच्या मुली तिला चित्रपटाला घेऊन गेल्या होत्या. मावशी, आता तिचा घोळकाच झाला आहे. त्यांच्यातली एक हॉलमध्ये मोठमोठ्याने शिंकते आणि सुतळी तिची नक्कल करते. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. तुमच्या मुलीची काळजी नसावी.

काल जेवताना तिने लांबून मला हात केला. मीही केला. तिने काहीतरी खूण केली, ये म्हणाली की कशी आहेस म्हणाली, ते नीट दिसलं नाही. तिच्या टेबलावर सगळे बोलत होते. मी माझ्या टेबलावर पुस्तक उघडलं.

तिचा राग नाही आला, आजी. मी तिला यासाठीच बोलावलं होतं. फक्त खोलीत आल्यावर वाटलं, की याचसाठी बोलावलं होतं का?

तुझी,
नात


२ ऑक्टोबर

बयो,

पत्र वाचताना शिवणवाली शिंकणाऱ्या मुलीपाशी हसली. मग तुझ्या पुस्तकापाशी आली आणि ती ओळ तिने पुन्हा वाचली. पत्र आम्ही खोलीतच वाचलं, साध्या आवाजात. आता ओरडायचं कारण उरलं नाही, आणि जिन्यात येणारं तरी कोण? घड्याळजी लेकाकडे गेला. सुतळी तुझ्याकडे.

शिवणवालीही आता कमी येते. वर यायला तिला पत्राचं निमित्त लागतं, आणि तिच्या पोरीचा फोन येतो, पत्र नाही. संध्याकाळी खालून मशीन ऐकू येतं. थांबतं. पुन्हा सुरू होतं. काय शिवते कोण जाणे. गिऱ्हाईक एवढं नाही, मला माहीत आहे.

(शिवणवाले, हे लिही गं. मी सांगते ते लिही. तुला लाज वाटली तर माझ्या नावावर लिही.)

पत्र वाचून ती गेली, त्यानंतर मी आठवडाभर दार उघडं ठेवून बसले. म्हटलं, येईल. ती खाली बसली होती, म्हणत होती, आजी हाक मारतील. मध्ये फक्त एक जिना.

काल मी उतरले. गुडघ्यांनी बोंब मारली, मारू दे. दुकानात गेले. तिने पाय मशीनवरून काढला नाही, चष्म्यावरून बघितलं.

‘काय काम काढलंत, आजी?’

म्हटलं, ‘काही नाही.’

तिने स्टुलावरचे कपडे उचलून जमिनीवर ठेवले. म्हणाली, ‘मग बसा.’

बसले. तिने उसवलं, मी बघितलं. दिवे लागले तेव्हा वर आले. आज पुन्हा गेले, तिथूनच हे सांगते आहे.

तेव्हा तू असं कर. तिने खूण केली ती ये म्हणून केली की नुसतीच, याचा विचार करत बसू नकोस. ताट उचल आणि तिच्या टेबलापाशी जा. पुस्तक नेऊ नकोस. छातीत धडधडेल, धडधडू दे. कुणी विचारलं, काय काम आहे, तर म्हण, काही नाही.

आजी